चौदा ठिकाणं, बावीस बायका आणि एक सोमवार

तासगाव तालुक्यातल्या एका गावचा महिला बचत गट. बावीसजणी. सर्वांत धाकटी तिशीतली, सर्वांत थोरली सत्तरीच्या पुढची. बहुतेकींनी मुंबई टीव्हीवर पाहिलेली. तिघींची मुलं इथे नोकरीला, पण त्यांच्याकडे येणं म्हणजे नालासोपारा किंवा दिवा इथल्या खोलीत चार दिवस राहून परत जाणं. समुद्रसुद्धा नीट बघून झालेला नव्हता. फेब्रुवारीत रब्बीची कामं जरा हातावेगळी झाली की दोन दिवस मुंबई बघायची, असं गटाच्या बैठकीत ठरलं. सांगलीहून महालक्ष्मी एक्सप्रेसची तिकिटं निघाली. रविवारी रात्री बसायचं, सोमवारी सकाळी मुंबईत उतरायचं आणि मंगळवारी रात्री त्याच गाडीने परत.

माझ्याकडे हे प्रकरण आलं तेव्हा तिकिटं पक्की झाली होती आणि त्यांच्या हातात तालुक्याच्या गावातल्या एका ट्रॅव्हल्सवाल्याने दिलेला कागद होता. दादरमध्ये राहून गावाकडच्या गटांची अशी सोय लावून देणं हे माझं काम, त्यामुळे असे कागद मी पुष्कळ पाहतो. या कागदावर चौदा ठिकाणं होती. पहिला दिवस: गेटवे, घारापुरी, म्युझियम, मरीन ड्राइव्ह. दुसरा दिवस: मत्स्यालय, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, महालक्ष्मी, हाजीअली, तारांगण, सिद्धिविनायक, सी-लिंक, नटांचे बंगले, जुहू. खाली बारीक अक्षरात ‘वेळेनुसार बदल होईल’.

यातली पहिली अडचण मुंबईत कुणालाही दिसली असती. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. त्यांचा पहिला दिवस सोमवार. म्हणजे बावीसजणींनी तासभर बोटीत बसून बेटावर जायचं आणि बंद फाटक बघून परत यायचं; किंवा गेटवेवर पोचल्यावर ‘आज बंद आहे, त्याऐवजी हार्बर राउंड मारू’ असं ऐकायचं. कागद लिहिणाऱ्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. ‘वेळेनुसार बदल होईल’ या तीन शब्दांच्या पोटात बरंच काही मावतं. तारापोरवाला मत्स्यालयाचंही तेच. १९५१ पासून पिढ्यान्‌पिढ्यांनी पाहिलेलं ते मत्स्यालय गेली काही वर्षं बंद आहे, पण दर्शनाच्या छापील याद्यांमधून त्याला अजून कुणी काढलेलं नाही.

दुसरी अडचण जरा आतली आहे. बावीस माणसं बसमधून उतरवायची, मोजायची, रस्ता ओलांडून न्यायची, बघून झालं की पुन्हा गोळा करायची, चपला शोधायच्या आणि कोण राहिलं ते बघायचं. यात एका ठिकाणी वीस मिनिटं सहज जातात, आणि ती बघण्याच्या वेळेत धरलेली नसतात. दुसऱ्या दिवशी दहा ठिकाणं म्हणजे दोनशे मिनिटं, तीन तास वीस मिनिटं फक्त चढण्या-उतरण्याची. त्यावर सिद्धिविनायकाची मंगळवारची रांग. त्यावर रस्ता: दिवसाचा शेवट जुहूला, आणि गाडी सीएसएमटीहून रात्री साडेआठच्या आत सुटणार. जुहू ते सीएसएमटी वीस किलोमीटरच्या वर भरतं. संध्याकाळी सूर्यास्त बघून निघालं तर गाडी चुकण्याची शक्यता हातात धरूनच निघायचं. असा कागद पाळायचा तर एकच मार्ग उरतो: बस थांबवायची नाही. ‘डावीकडे बघा, तारांगण. उजवीकडे बघा, हाजीअली.’ पुष्कळ मुंबई दर्शनं अशीच होतात आणि बायका काचेतून हात जोडतात.

मी फोनवर गटाच्या अध्यक्ष मावशींना एवढंच विचारलं की, यातलं काय बघितल्याशिवाय परत जायचं नाही? उत्तर लगेच आलं नाही. दोन दिवसांनी आलं, आणि बैठक घेऊन आलं. समुद्र. सिद्धिविनायक, आणि तोही मंगळवारीच. बोटीत बसायचं. लोकलमध्ये बसायचं. आणि पाचव्या नंबरवर, कागदावर कुठेच नसलेली चैत्यभूमी. गटात सात-आठजणी बौद्धवाड्यातल्या. ट्रॅव्हल्सवाल्याला नटांचे बंगले सुचले होते. ६ डिसेंबरला लाखो माणसं जिथे येतात ते दादरचं ठिकाण सुचलं नव्हतं. त्यावर मी काही बोललो नाही, त्याही बोलल्या नाहीत.

मंगळवारचा प्रश्न

हे सगळ्यांत अवघड निघालं. घारापुरी सोमवारी बंद, म्हणजे ती मंगळवारीच करायला हवी. सिद्धिविनायकही मंगळवारीच. मंगळवारी तिथे गर्दी कशी असते हे मुंबईकराला सांगायला नको. सकाळी नऊ-दहाला रांगेत उभं राहिलं तर बोट दुपारची, आणि शेवटची परतीची बोट धरायची घाई. मी सुचवलं की सिद्धिविनायक सोमवारी करू. दादरला उतरणार, राहायचा हॉल दादरलाच, देऊळ चालत जाण्यासारखं, सोमवारी गर्दी कमी. हिशेबाला अगदी चोख.

मावशी म्हणाल्या, “दादा, सोमवार महादेवाचा. गणपतीला मंगळवार सोडायचा न्हाई. कितीला उघडतंय देऊळ?”

मंगळवारी मंदिर भल्या पहाटेच उघडतं. मी ते सांगितलं, पण सांगताना माझ्या डोक्यात मुंबईकराचं घड्याळ होतं. पहाटे साडेतीनला उठून दर्शनाला जा, हे आमच्याकडे कुणाला सुचवलं तर लोक आपल्याकडे बघतात. पलीकडून आवाज आला, “मग हाय की. आमी चारला उठतोयच.”

प्रश्न तिथेच सुटला. ज्या बायका रोज चार वाजता उठून धारा काढतात, त्यांच्यासाठी मंगळवारची पहाट हा सगळ्यांत मोकळा वेळ आहे. मुंबईची जत्रा उजाडल्यावर सुरू होते, त्यांचा दिवस तोवर निम्मा झालेला असतो. दर्शनाच्या आखणीत आपण ठिकाणांच्या वेळा बघतो, पण माणसांच्या वेळा बघत नाही. याच गटाऐवजी पुण्यातला एखादा कॉलेजचा ग्रुप असता तर हीच आखणी कोसळली असती.

पाण्याचं गणित

हाजीअलीच्या बाबतीतही त्यांच्याच घरातलं ज्ञान कामाला आलं. दर्ग्याकडे जाणारी वाट समुद्रातून जाते आणि भरतीला पाण्याखाली जाते. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे ‘दुपारी बाराला हाजीअली’ असं कायमचं लिहून ठेवता येत नाही. कोळ्यांचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. पुनवेला आणि अवसेला भरती दुपारी बाराच्या आसपास येते आणि ती उधाणाची असते, तेव्हा भर दुपारी हाजीअलीला न्यायचा विचारही करू नये. अष्टमीची भरती भांगाची, म्हणजे लेचीपेची.

हे मी फोनवर समजावून सांगायला लागलो तर मावशींनी भिंतीवरचं कॅलेंडर बघून सोमवारी वद्य अष्टमी असल्याचं मला आधी सांगितलं. म्हणजे भरती सकाळी सहाला, ओहोटी बाराला. महालक्ष्मीचं दर्शन घेऊन साडेअकराला खाली उतरलं की वाट कोरडी.

सोमवार

गाडीला अर्धा तास उशीर झाला. दादरला उतरून, हॉलवर आंघोळी आणि आणलेल्या भाकऱ्यांची न्याहारी उरकून बस निघाली ती दहाला. बस ‘आठ तास ऐंशी किलोमीटर’च्या भाड्यावर ठरवली होती, आणि मुद्दाम फक्त एका दिवसापुरती. संध्याकाळी पाच ते आठ या वेळात दक्षिण मुंबईतून उत्तरेकडे बस घेऊन येणं म्हणजे पैसे देऊन सिग्नल बघणं. म्हणून बस मरीन ड्राइव्हवर सोडून द्यायची आणि पुढचं सगळं रेल्वेने, असं ठरलं. बसच्या मालकाला आधी पटलं नाही. माणूस मुंबईला येतो तेव्हा त्याला दिवसभर गाडी हवी असते, असा त्याचा अनुभव.

महालक्ष्मी आणि हाजीअली ठरल्याप्रमाणे झालं. हाजीअलीला जायला चौघी तयार नव्हत्या, त्या सावलीत बसून राहिल्या. गटातल्या सगळ्यांनी सगळं बघायलाच हवं, हा हट्ट मी कधी धरत नाही. बावीसजणींच्या दोन किंवा तीन तुकड्या झाल्या की दोन्हींचा आनंद वाढतो. फक्त तुकडीला एक म्होरकी हवी आणि तिच्याकडे चार्ज केलेला फोन हवा.

आता एक गोष्ट जी कुठल्याच कागदावर नसते. बायकांच्या गटाची सहल आखताना पहिला नकाशा स्वच्छतागृहांचा काढावा लागतो. गावाकडच्या बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत, कारण पुढे सोय असेल की नाही याची खात्री नसते. मग दुपारी डोकं दुखतं, चक्कर येते आणि सगळे म्हणतात, मुंबईचं ऊन बाधलं. फेब्रुवारीतलं ऊन कसलं बाधतंय. मी निघतानाच सांगून टाकलं की सोय कुठे कुठे आहे आणि किती वाजता आहे. एकीने विचारलं, “नक्की?” मी नक्की म्हटल्यावर पाण्याच्या बाटल्या उघडल्या गेल्या. त्या दिवशी कुणाचं डोकं दुखलं नाही.

दुपारच्या जेवणाचाही असाच पेच. डबे बरोबर होते: चपात्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, पिठलं. बावीसजणींनी स्वतःचे डबे उघडून निवांत बसावं अशी जागा दक्षिण मुंबईत शोधून बघा. हॉटेलात बाहेरचं चालत नाही, बागेत रखवालदार. मग गिरगावातल्या एका ओळखीच्या चाळीच्या पटांगणात सतरंज्या टाकल्या. हे काही ‘ठिकाण’ नव्हतं, केवळ सोय होती. पण चाळीतल्या दोन-तीनजणी ताक घेऊन खाली आल्या, ठेच्याची देवाणघेवाण झाली, मग काहीजणी वर जाऊन एका खोलीत चार माणसं कशी राहतात ते बघून आल्या. जिची मुलं दिव्याला राहतात ती बाई बराच वेळ वरच्या गॅलरीत उभी होती. ठरलेल्यापेक्षा तास जास्त गेला. त्या तासाच्या बदल्यात मी मणिभवन सोडलं. गांधीजी १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत आले की तिथे उतरत. ते घर चालत अंतरावर होतं आणि माझ्या मनात होतं. पण उठवून नेण्यासारखी वेळ नव्हती.

मलबार हिलवर हँगिंग गार्डन आणि समोरचा म्हातारीचा बूट. बुटाबद्दल मी फार अपेक्षा ठेवत नाही, मोठ्या माणसांना तो फोटोपुरता. वरून दिसणारी चौपाटीची कमान मात्र त्यांनी शांतपणे बघितली. तिथून खाली गिरगाव चौपाटी आणि मरीन ड्राइव्ह. साडेपाचला बस सोडली. तेव्हा आठ तास पुरे व्हायचे होते.

पुढचे साडेतीन तास कार्यक्रमात काहीच लिहिलेलं नव्हतं. असा मोकळा वेळ ट्रॅव्हल्सवाल्याच्या कागदावर दिसला तर गिऱ्हाईक विचारतं, इथे काय? इथे कठडा. कठड्यावर बसायचं, सूर्य बुडताना बघायचा, भेळ खायची, येणारी-जाणारी माणसं बघायची. गटाची पहिली मागणी ‘समुद्र’ होती, ती बसच्या काचेतून पुरी होण्यासारखी नव्हती. दिवे लागल्यावर एक काकू म्हणाल्या की आता हलू नका, अजून थोडं बसू. नऊच्या पुढे उठून चर्चगेटला गेलो.

लोकल चर्चगेटहूनच का, याला कारण आहे. मधल्या स्टेशनावर गाडी अर्ध्या मिनिटाच्या आत सुटते. तेवढ्यात बावीसजणींनी महिला डब्यात चढणं धोक्याचं. चर्चगेटला गाडी सुटायच्या आधी उभी असते, शांतपणे चढता येतं, बसायला जागा मिळते. नऊनंतर घरी जाणाऱ्यांची लाट ओसरलेली असते. स्लो गाडी, दादरला उतरायचं, उतरण्याची तयारी प्रभादेवीपासून. भाडं फार तर दहा रुपये. त्यांच्या मते दोन दिवसांतला सगळ्यांत मोठा थरार हाच. डब्यात कानातले विकणारी आली आणि दादर येईपर्यंत खरेदीही झाली.

मंगळवार

पावणेचारला हॉलमधून निघालो. रस्ते रिकामे, फक्त अनवाणी चालणारी माणसं एकाच दिशेने. रांग होती, पण चालती. उजाडायच्या आत दर्शन झालं. तिथून चालत चैत्यभूमी. बाबासाहेबांवर ७ डिसेंबर १९५६ ला जिथे अंत्यसंस्कार झाले ती ही जागा. आधी ठरलं होतं की ज्यांना जायचं त्या जातील आणि बाकीच्या हॉलवर परततील. प्रत्यक्षात बावीसही आल्या. शेजारीच समुद्रावर माता रमाबाई आंबेडकरांच्या नावाचा सज्जा आहे. तिथून पहाटेच्या उजेडात सी-लिंक समोर दिसतो. वरून बस नेली असती तर साडेपाच किलोमीटर पाच-सात मिनिटांत संपले असते, आणि पुलावरून जाताना पूल दिसत नाही. तेवढ्यासाठी टोल भरायचा आणि दिवस उत्तरेकडे ओढायचा, हे मला पटत नाही.

सकाळी दादरहून दक्षिणेकडे जाणं हा खरा कसोटीचा भाग. आठ-साडेआठची लोकल नवख्या माणसासाठी नाही. पूर्वी अशा गटाला टॅक्सी कराव्या लागत. बांद्र्याच्या अलीकडे रिक्षा चालत नाहीत, हेही बाहेरगावच्यांना ऐनवेळी कळतं. आता भुयारी मेट्रो थेट कफ परेडपर्यंत झाल्यामुळे दादर ते हुतात्मा चौक हा प्रवास थंड हवेत होतो. पण एक गोष्ट मेट्रोने नवीन आणली: सरकते जिने. नऊजणी पहिल्या पायरीशी अडल्या. पदर सावरायचा की कठडा धरायचा? लिफ्टने तीन खेपा झाल्या. यासाठी वीस मिनिटं धरलेली होती, चाळीस लागली, आणि पहिल्या बोटीऐवजी दुसरी-तिसरी मिळाली.

डिसेंबर २०२४ मध्ये नौदलाची स्पीडबोट घारापुरीच्या प्रवासी बोटीवर आदळून माणसं गेली, तेव्हापासून लाइफ जॅकेट सक्तीचं आहे. ते नुसतं मांडीवर ठेवू नका, घाला आणि बंद लावा, एवढा आग्रह मी धरतो. साडीवर जॅकेट चढवताना हसण्यात दहा मिनिटं गेली. धक्क्यापासून छोटी गाडी, मग एकशेवीस पायऱ्या. दोघींसाठी डोली केली. पिशव्या माकडांपासून जपायच्या, हातात खाऊ धरायचा नाही.

लेण्यात सांगणाऱ्याने काय सांगावं यावर माझं मत जरा तिरकस आहे. इसवी सनाचं शतक, राजवंश, वादग्रस्त काळ हे ऐकून बायका मान हलवतात आणि पुढे जातात. पण ‘हे शिवपार्वतीचं लग्न, ओळखा नवरी कुठे आहे’ म्हटलं की थांबतात. नवरीचं लाजणं, कन्यादान करणारा बाप, सगळं त्यांनीच एकमेकींना दाखवलं. रावण कैलास हलवतो तो पट, अर्धनारीश्वर, आणि मग साडेपाच मीटर उंचीची ती त्रिमूर्ती. सोमवार महादेवाचा म्हणणाऱ्या मावशींना मंगळवारी महादेव भेटला. त्यांनी तेही चालवून घेतलं. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो बेटावर नाही, भायखळ्याच्या राणीबागेत आहे. हे सांगितल्यावर ‘मग तो का न्हाई दाखवला?’ असा रास्त प्रश्न आला.

तीनच्या सुमारास गेटवेवर परत. जॉर्ज राजाच्या १९११ च्या भेटीची आठवण म्हणून बांधलेली ही कमान. शेवटचं ब्रिटिश पथक फेब्रुवारी १९४८ मध्ये इथूनच बाहेर पडलं. फोटोवाले मागे लागले, एकच सामुदायिक फोटो काढून घेतला. मग फाटाफूट: सहाजणी म्युझियमला, कारण ते चालत दहा मिनिटांवर आहे आणि थंड आहे, बाकीच्या क्रॉफर्ड मार्केटला. खरेदीशिवाय मुंबई पूर्ण होत नाही आणि ती शेवटच्या दुपारीच ठेवावी, म्हणजे पिशव्या दोन दिवस वागवाव्या लागत नाहीत.

सामानाची एक अडचण मात्र राहिली. स्टेशनच्या क्लोकरूममध्ये कुलूप असलेलंच सामान घेतात, आणि या गटाकडे निम्म्या कापडी पिशव्या. चेन नसलेल्या पिशवीला कुलूप कुठे लावणार? म्हणून पाय दुखणाऱ्या तिघी सीएसएमटीच्या महिला प्रतीक्षालयात सामानापाशी बसल्या. त्यांचं क्रॉफर्ड मार्केट हुकलं. त्यांच्यासाठी बांगड्या बाकीच्यांनी आणल्या, पण मापं चुकली.

हिशेब मांडला तर कागदावरच्या चौदांपैकी दहा झाली, त्यात सी-लिंक दुरून आणि म्युझियम सहाजणींपुरतं. मत्स्यालय बंदच होतं. तारांगण मी सोडलं. चारला उठलेल्या माणसाला अंधाऱ्या थंड सभागृहात खुर्चीवर रेलून बसवलं तर तारे दिसायच्या आधी झोप लागते. जुहू आणि बंगले वगळले, आणि त्याबद्दल दोन तरुण सुना परतीच्या गाडीत बसेपर्यंत माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. त्यांची बाजू मला समजते. गावात परतल्यावर पहिला प्रश्न बंगल्याचाच येणार होता, त्रिमूर्तीचा नाही.

शेजारच्या गावचा गट आता ऑगस्टमध्ये यायचं म्हणतोय. पावसात घारापुरीच्या बोटींचा भरवसा नाही, म्हणून त्याऐवजी बोरिवलीची कान्हेरी लेणी सुचवली आहेत. ते उद्यानही सोमवारी बंद असतं, त्यामुळे शुक्रवार-शनिवारची तिकिटं काढायला सांगितली. पिशव्यांना कुलूप लागेल अशा आणा, हेही. त्यांच्या यादीत नटांचे बंगले पहिल्या नंबरवर आहेत. बोरिवलीहून दादरला येताना बांद्रा वाटेतच पडतं, त्यामुळे या वेळी नाही म्हणायला माझ्याकडे कारण नाही.